बाकी दोन कधीच उरत नाही

चौगुले सरांना जाऊन वर्ष होत आलं, तरी मला त्यांचा राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मला कळतं. पण त्यांची आठवण निघाली की लोक 'साधा माणूस', 'विद्यार्थ्यांत रमणारा माणूस' असली गुळगुळीत वाक्यं टाकायला लागतात आणि माझं डोकं फिरतं. साधा कसला? इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही. हातात आलेली गोष्ट उचलून दुसऱ्याला द्यायची आणि जी येणार नाही तिच्यामागं वीस वर्षं धावायचं, हा त्यांचा धंदा. आणि तोही आमच्या डोळ्यांदेखत, आम्हाला तोंड उघडायची बंदी घालून.

राजारामपुरीतल्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो, तिथं ते गणित शिकवायचे. मी रुजू झालो तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. उंचीनं बेताचे, मान जाड, डावा कान मोडून पुरीसारखा बसलेला. आजऱ्याकडच्या एका गावातून ते शिकायला कोल्हापुरात आले आणि तालमीत राहिले. सकाळी आखाडा, दुपारी कॉलेज. कान तिथंच मोडला. पुढं कुस्ती सुटली आणि गणित राहिलं, पण गणिताविषयी बोलायला त्यांच्याकडं भाषा आखाड्याचीच उरली होती.

संख्येचे मूळ अवयव पाडणं, म्हणजे पुढं फुटणार नाहीत असे तिचे तुकडे करणं, याला ते खुराक म्हणत. बाराचा खुराक दोन, दोन, तीन. पस्तीसचा पाच आणि सात. जी संख्या फुटतच नाही, तेरा किंवा सदतीस, ती 'उपाशी'. वर्गात हजेरी घेताना 'हजर सर' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. हजेरी क्रमांक छत्तीस असेल तर मुलीनं उभं राहून 'दोन दोन तीन तीन, सर' म्हणायचं. सदतीसच्या मुलानं 'उपाशी, सर' म्हणायचं. एकाचा जरी खुराक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तासातली पंधरा मिनिटं या तमाशात जात आणि पुढचा तास माझा असे. मी व्हरांड्यात फाइल बगलेत मारून उभा, आतून 'उपाशी सर, उपाशी सर' असा पुकारा चाललेला. एका पालकानं प्राचार्यांकडं तक्रार केली होती की आमची मुलगी रोज डबा खाऊन येते, तिला उपाशी का म्हणायला लावता. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. सरांनी त्यांनाच त्यांच्या केबिनच्या नंबराचा खुराक विचारला. प्राचार्यांना पटकन सांगता आला नाही आणि तो विषय तिथंच संपला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्या माणसाला एक नाद होता, आणि त्या नादानं मला तेरा वर्षं छळलं.

खेळ तसा तिसरीतल्या पोरालाही कळेल असा. कोणताही आकडा घ्या. सम असेल तर निम्मा करा. विषम असेल तर तिप्पट करून त्यात एक मिळवा. जो येईल त्याला पुन्हा तेच करा. असं करत करत आकडा शेवटी एकावर येऊन पडतो. सगळेच का पडतात हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, पण आजवर ज्याला ज्याला धरलं तो पडलाय. सर म्हणत, पडायचं तर सगळ्यांनाच आहे, कोण किती वेळ टिकतो एवढंच बघायचं. सव्वीस दहा पायऱ्यांत पडतो, अठ्ठावीस अठरा पायऱ्यांत. आणि या दोघांच्या मधला सत्तावीस एकशे अकरा पायऱ्या झुंजतो, मध्येच नऊ हजारांच्या वर उसळी मारतो आणि मग कुठं खाली येतो. सत्तावीसची ही कुस्ती सांगताना सरांचा आवाज स्टाफरूमच्या बाहेर जायचा.

आपल्या मागच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जो जास्त टिकतो, तो विक्रमी. सत्तावीस विक्रमी, मग चौपन्न, मग त्र्याहत्तर, मग सत्त्याण्णव. हे असे विक्रमी आकडे सर हातानं शोधत. यंत्र नाही, कॅल्क्युलेटरसुद्धा नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर एकेक आकडा खाली उतरवायचा, आणि तोही दोनदा. एकदा पैलवान म्हणून, एकदा पंच म्हणून. विक्रमी आकडा सापडला की लगेच त्याचे मूळ अवयव पाडायचे. त्यांचं म्हणणं असं की नुसता जिंकला म्हणून सांगू नका, काय खाऊन आला होता ते सांगा.

आणि या खुराकात त्यांना एक गोष्ट दिसली होती. एक हजार एकशे एकसष्टपासून पुढं जो विक्रमी आकडा येईल त्याच्या खुराकात तीन असतोच. दोन हजार दोनशे तेवीस, तीन आहे. सहा हजार एकशे एकाहत्तर, तीन आहे. ओळीनं सात विक्रमी आकडे निघाले आणि सातही तीनानं भागले जात होते. सातवा दहा हजार नऊशे एकाहत्तर. तो सापडला त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्याला 'नातू झाला' असं सांगितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी, पेढ्याचा कागद चुरगाळत, ते मला म्हणाले, "कांबळे, मला एक ओळ पायजे. माझी. आधी कुणी बोललेलं न्हाय आन नंतर कुणाला खोडता येणार न्हाय. बास, एकच."

एवढीच त्या माणसाची मागणी होती. बढती नको, क्लास काढायचा नाही, पुस्तक लिहायचं नाही. आकड्यांविषयी एक खरी ओळ, जिच्यावर चौगुले म्हणून बोट ठेवता येईल. सगळे विक्रमी आकडे इथून पुढं तीनानं भागले जातात, ही ती ओळ असेल असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ओळ खरी असेल तर त्यांचं सगळं सार्थक होणार होतं, खोटी असेल तर वीस वर्षं पाण्यात.

आता माझी तगमग समजून घ्या. ते स्टाफरूममध्ये बसून हा उद्योग करत आणि त्याच्या वरच्या मजल्यावर माझ्या लॅबमध्ये वीस मशीन होती. दहा ओळींचा प्रोग्राम. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत लाखापर्यंतचे सगळे विक्रमी आकडे खुराकासकट पडद्यावर आले असते. मी हे त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लॅबमध्ये आले, एका मशीनवर मायेनं हात फिरवला आणि म्हणाले, "निकाल पेपरात वाचायचा असंल तर मैदानाला कशाला जायाचं?" आणि मग माझा हात धरून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की मी हे मशीनवर लावणार नाही, कुठं शोधणार नाही, आणि चुकून कळलंच तर त्यांना सांगणार नाही. लावलंस तर आपलं बोलणं बंद, म्हणाले. मी तेव्हा नवखा होतो. हो म्हणून बसलो, आणि हो म्हटल्यावर पाळणं आलं.

वीज गेली की ते मुद्दाम जिना चढून वर येत आणि अंधाऱ्या लॅबच्या दारात उभं राहून मशीनची विचारपूस करत. पैलवान झोपले काय, असं. मला हसू येत नसे.

एकदा कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर मी त्यांना छेडलं. हातानं करताय तर इतके आकडे उरकता कसे, म्हटलं. ते म्हणाले, सगळे कुठं करतोय, तीनानं भागून बाकी दोन उरली की तो आकडा मी बघतच नाही, तो कधी विक्रमी नसतोच. मी विचारलं, नसतोच म्हणजे? कशावरून? त्यांनी गाड्याच्या पत्र्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि अकरा लिहिला.

"अकराला तीनानं भाग. बाकी दोन. आता अकराची दुप्पट कर, बावीस. एक काढ, एकवीस. तीनानं भाग, सात. आता सातला खाली सोड. सात विषम, तिप्पट अधिक एक, बावीस. निम्मा, अकरा. म्हंजे सात दोन पावलांत अकरावर येतोय. मंग अकराच्या आधीचा लहानगा सात अकरापेक्षा दोन पावलं जास्तच टिकला की. अकरा कसला विक्रम करतोय? ज्याची बाकी दोन, त्याच्या मागं असा एक लहानगा हुबाच असतोय."

मी त्या चहाच्या रेघांकडं बघत राहिलो. खुद्द दोन हा आकडा सोडला तर हे प्रत्येकाला लागू होतं. कुठल्याही आकड्याला, आपण ज्याचं नावही घेऊ शकणार नाही अशा आकड्यालासुद्धा. तपासायचं कारण नाही, मोजायचं कारण नाही. विक्रमी आकड्याला तीनानं भागलं तर बाकी शून्य उरेल किंवा एक उरेल, दोन कधीच उरणार नाही. मी अक्षरशः ओरडलो. म्हटलं, सर, हीच तुमची ओळ. ही लिहा. ही कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. जगात कुणीतरी आधी काढलीही असेल, पण तुम्ही ती तुमच्या हातानं काढलीय.

त्यांनी तळहातानं पत्रा पुसला. "ही ओळ न्हवं, कांबळे. ही सोय हाय. दोन मिनटांत हुतंय त्याला काय ओळ म्हणायचं?"

मी चिडलो, भांडलो. ज्याला सिद्धता आहे ते तुम्हाला सोय वाटतं आणि ज्याला नुसते सात आकडे आहेत त्याला तुम्ही नियम म्हणता, हा कुठला न्याय, असं विचारलं. ते म्हणाले, घाम न गाळता मिळालेलं आपलं नसतं. मी म्हटलं, हे कुणी सांगितलं? ते म्हणाले, वस्तादांनी. वस्ताद मधे आले की त्या माणसाशी वाद संपायचा. मी माझा चहा तसाच टाकून निघालो आणि दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नसावं.

ते निवृत्त होणार त्या वर्षी जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांचा मेळावा कोल्हापुरात भरला. त्यात चौगुले सरांनी बोलावं असं ठरलं. एरवी असल्या ठिकाणी ते मागच्या बाकावर बसून पानं खरडत. 'पुढचा येऊ दे, मग बोलतो' हे त्यांचं पालुपद. पण या खेपेला हो म्हणाले. आता वय झालं, मैदानात उतरून एकदा हाक द्यावी, म्हणाले. तेव्हा ते बारा हजारांच्या पुढं पोचले होते आणि आठवा विक्रमी आकडा अजून सापडायचा होता. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, चारचौघांत बोलायच्या आधी एकदा मशीनवर बघू द्या, तुम्हाला सांगत नाही, मला एकट्याला कळू दे. ते म्हणाले, तुझ्या तोंडावर दिसंल. आणि ते खरं होतं.

मेळाव्यात त्यांना कोल्हापुरी फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मी प्रोजेक्टर लावला होता, त्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. फळा आणि खडू. आणि काय बोलले, म्हणून सांगू. सत्तावीसची कुस्ती सांगितली तेव्हा मागं चुळबुळ करणारी मंडळी पुढं सरकली. सात आकडे आणि त्यांचे खुराक एका रांगेत लिहिले, प्रत्येकातल्या तीनाभोवती गोल केला. मग सभेकडं वळून त्यांनी मैदानात देतात तसं आव्हान दिलं. म्हणाले, हा माझा दावा आहे, सिद्धता माझ्याकडं नाही, ज्याच्यात धमक असेल त्यानं पाडून दाखवावा.

तिसऱ्या रांगेत एक मुलगी मोबाइलवर अंगठे चालवत होती. गडहिंग्लजकडच्या कॉलेजात नुकतीच लागलेली शिक्षिका, स्नेहल मगदूम. मला वाटलं मेसेज करतेय आणि मला तिचा राग आला. ती उभी राहिली.

"सर, पुढचा विक्रमी आकडा तेरा हजार दोनशे पंचावन्न आहे. मी आत्ताच प्रोग्राम करून बघितलं."

सर तिच्याकडं वळले. "खुराक?"

"पाच, अकरा आणि दोनशे एक्केचाळीस."

त्यांनी फळ्यावर तेरा हजार दोनशे पंचावन्न लिहिला. अंकांची बेरीज केली, सोळा. सोळा तीनानं जात नाही. खाली बाकी लिहिली, एक. तेवढं त्यांना पुरलं. कुणीतरी म्हणालं, मोबाइलचा काय भरवसा. सरांनी हातानंच त्याला गप्प केलं.

मी सभागृहाच्या मागं प्रोजेक्टरपाशी उभा होतो. बाकी एक! दोन नव्हे, एक! त्यांच्या चहाच्या ओळीला धक्का लागलेलाच नव्हता. अजून सगळं वाचवता येत होतं. त्यांनी फक्त एवढं म्हणायचं की माझा दावा पडला, पण बघा, बाकी दोन उरणार नाही, आणि ती का उरणार नाही हे मी तुम्हाला दोन ओळींत दाखवतो. सगळं सभागृह उठून उभं राहिलं असतं. मी हात वर करून दोन बोटं दाखवली. पुन्हा दाखवली. शेवटी न राहवून बोललोही, सर, दोनचं सांगा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि मान हलवली, नाही म्हणून.

"पाठ टेकली," एवढंच ते सभेला म्हणाले. फळ्याच्या खालच्या पट्टीवर साचलेली खडूची भुकटी त्यांनी बोटानं घेतली आणि कपाळाला लावली, आखाड्यातून बाहेर पडताना माती लावतात तशी. सवयीनंच लावली असणार. मग खाली उतरून तिसऱ्या रांगेपर्यंत गेले आणि आपला नारळ त्या मुलीच्या हातात दिला. ती रडायच्या बेतात आली होती. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

परत येताना मी त्यांना माझ्या स्कूटरवर घेतलं आणि कळंब्यापर्यंत त्यांच्यावर ओरडत आलो. माझं घर तिकडं, ते पुढं रिक्षानं जाणार होते. कळंब्याच्या तलावाच्या कडेला गाडी थांबवून मी म्हटलं, तुम्हाला ओळ पाहिजे होती ना? तोंडात होती, गिळलीत कशाला? त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला होता आणि त्याचा पदर ते घडी घालत होते.

"पडल्यावर बोलायचं नसतंय, कांबळे. माझी पकड बरी हुती, माझा पाय घसरला, असलं सांगत बसायचं नसतंय. आन मी ते दोनचं सांगितलं असतं तर त्या पोरीची कुस्ती बारीक झाली असती."

मी म्हटलं, होऊ दे की बारीक! तिला आयुष्य पडलंय पुढं. फेट्याची घडी नीट जमत नव्हती, ती पुन्हा उलगडून घालायला लागले. मला तो फेटा तलावात फेकून द्यावासा वाटला.

नंतर कळलं की त्यांनी पुढं मोजणं सोडलं नाही. घरी जाऊन उरलेले आकडे हातानं उतरवत तेरा हजार दोनशे पंचावन्नपर्यंत गेले आणि तो विक्रमी असल्याची स्वतः खात्री करून घेतली. पैलवान म्हणून एकदा, पंच म्हणून एकदा. मग थांबले. मे महिन्यात निवृत्त झाले आणि वहिनींना घेऊन आजऱ्याकडं गावी गेले. थोडी काजूची झाडं होती, ती बघायला लागले. फोन केला तर झाडांविषयी बोलत. आकड्यांचं काढलं की ऐकू न आल्यासारखं करत. मोडक्या कानाचा त्यांना असाही उपयोग होता.

दोनेक वर्षांनी मला स्नेहल मगदूमचा फोन आला. त्या दिवसापासून तिला तो नाद लागला होता. तिनं मशीनवर कोटींच्या पुढं आकडे चालवले होते आणि तिला एक गोष्ट दिसली होती. विक्रमी आकड्यांना तीनानं भागलं की बाकी शून्य येते, एक येते, पण दोन कधी येत नाही. का येत नाही ते काही कळत नव्हतं. कॉम्प्युटरवाले सर म्हणून तिनं मला विचारलं. माझ्या जिभेवर आलं होतं. पण मनात म्हटलं, थांब. हिला घेऊन त्यांच्याकडंच जाऊ. आता स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. आता कुठं पळतात बघू. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सणाला गावी निघाल्यासारखं झालं होतं.

काजूचा हंगाम होता. अंगणात बिया वाळत घातल्या होत्या आणि सर त्यांत बसून खराब बिया निवडत होते. वाळले होते बरेच. स्नेहलनं पाया पडून सगळं सांगितलं, मोबाइलवर रांगच्या रांग दाखवली आणि विचारलं, सर, दोन का येत नाही?

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आता. बोला आता.

त्यांनी एक बी उचलून उन्हात धरली. "मशीन काय म्हणतंय?"

"मशीन येत नाही एवढंच म्हणतं, सर. का ते सांगत नाही."

"मंग ते ठेव पिशवीत. चार आकडे हातानं खाली उतरीव बघू. मी तवर च्या सांगतो."

ती कट्ट्यावर कागद घेऊन बसली. मी पुढं होऊन तिला अकरापासून सुरू कर म्हणणार होतो, तर सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जागच्या जागी थांबलो. वहिनींनी चहा आणला. तो प्यालो. गार झालेला तिचा कप तसाच होता. ऊन अंगणातून सरकून कौलांवर चढलं. मी बिया निवडायला बसलो आणि चांगल्या बिया खराब बियांत टाकल्या म्हणून बोलणी खाल्ली. दोन मिनिटांची गोष्ट, चहात बोट बुडवून सांगता येणारी, आणि आम्ही अख्खी दुपार त्या कट्ट्यापाशी घालवली. माझ्या अंगाची लाही झाली.

आणि मग ती एकदम म्हणाली, "सर, सात अकरावरून जातो."

सर बियांवरून उठले. तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, नीट सांग. तिनं सांगितलं. अकराची दुप्पट, एक कमी, तिसरा हिस्सा सात. मग पाच, मग चौदा, मग तेवीस. प्रत्येकाच्या मागं एक लहान आकडा उभा. ती बोलता बोलता उभी राहिली. सरांनी मधेच अडवून विचारलं, तो लहान आकडा विषमच असतो कशावरून? तिनं विचार केला आणि सांगितलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ते ऐकत होते, हनुवटी पुढं, चांगला कान तिच्या बाजूला.

तिला शंका आली असावी. तिनं विचारलं, "सर, तुम्हाला हे माहीत होतं का?"

त्या माणसानं उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा सांगितला नव्हता. पेपर तपासताना अर्धा मार्क इकडचा तिकडं केला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"न्हाय, बाई. आज कळालं," ते म्हणाले. "ही तुझी ओळ हाय. तुझ्या नावानं लिव्ह."

मी उठून विहिरीकडं गेलो. तिथं काही काम नव्हतं. तिथं नुसता उभा राहिलो, कारण अंगणात थांबलो असतो तर बोलून बसलो असतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

निघताना स्नेहल वहिनींशी बोलत मागं राहिली. मी गाडीत बसलो होतो. सर फाटकापाशी आले, खिडकीवर हात ठेवला आणि खाली वाकले.

"कांबळे. मशीनचं वचन दिलतास. ते हितंबी लागू धरायचं. तिला कवा बी सांगायचं न्हाय. व्हय म्हण."

तेवढ्यात स्नेहल येऊन बसली, तिच्या मांडीवर वहिनींनी दिलेली काजूची पिशवी होती, आणि ती हसत होती. मी गाडी सुरू केली. वळणापर्यंत मला आरशात ते दिसत होते. फाटकाला धरून उभे, जरा पुढं वाकलेले, चांगला कान रस्त्याकडं केलेला. मी अजून व्हय म्हटलेलं नव्हतं आणि ते त्याची वाट बघत होते.